कुठल्या रमाबाई? ऐतिहासिक कादंबरीतल्या नायिकांना पहिल्यांदा भेटणाऱ्यांसाठी

तिसावं पान उलटलं तरी शनिवारवाडा येईना. वाचनालयात जाऊन मी ‘माधवराव आणि रमाबाईंचं पुस्तक’ मागितलं होतं आणि काउंटरवरच्या काकांनी काही न विचारता एक जुन्या बांधणीचं पुस्तक पुढे केलं होतं. पुस्तकात रमाबाई होत्या, माधवरावही होते. पेशवे मात्र नव्हते, होती ती कोर्टकचेरी, बदल्या आणि सुनेच्या शिकण्यावरून घरात चाललेली धुसफूस. परत करायला गेले तेव्हा काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “अहो ताई, हे न्यायमूर्ती रानड्यांचं. तुम्हाला थेऊरचे माधवराव हवे होते होय?”

मी इंग्रजी माध्यमातली. मराठी ऐतिहासिक कादंबरीकडे वळले ती तिशी उलटल्यावर, तीही एका साध्या इच्छेपोटी. घोडे आणि गड बाजूला ठेवून त्या काळातल्या बायकांची गोष्ट वाचायची होती, आणि त्यात प्रेमही हवं होतं. पहिल्या वर्षात तीन जाडजूड कादंबऱ्या अर्ध्यावर सोडल्या. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

हाताशी काय असू द्या

- एक लहान वही. शेवटचं पान नावांसाठी राखून ठेवा.
- चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्यांची एक गड्डी. पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिलही लावू नका.
- महाराष्ट्र ते दिल्ली असा टापू दिसेल असा नकाशा. फोनवरचा चालेल, पण भिंतीवरच्या कागदी नकाशाची मजा वेगळी.
- जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश. १८५७ ची आवृत्ती नेटवर फुकट शोधता येते. शब्द मराठीत आणि अर्थ इंग्रजीत असल्यामुळे माझ्यासारख्यांना तो फारच सोयीचा.
- वाचनालयाचं सभासदत्व. साधारणपणे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम लागते. अनामतीची पावती जपून ठेवा.

१. आधी बाई निवडा, मग पुस्तक

बहुतेक नवे वाचक यादीतलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक उचलतात. मीही तेच केलं. गाजलेली पुस्तकं बहुधा पुरुषाच्या नावाची असतात आणि नायिका त्यांत पंचविसाव्या पानावर देवघरातून बाहेर येते. आपल्याला ती हवी असेल तर शोध तिच्यापासूनच सुरू करावा.

राज्य चालवणारी हवी? अहिल्याबाई होळकर. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ मध्ये सासरा आणि पुढच्याच वर्षी मुलगा. त्यानंतर १७९५ पर्यंत महेश्वरला बसून तिने कारभार केला. विजया जहागीरदार यांची ‘कर्मयोगिनी’ ही तिच्यावरची कादंबरी. ती झाली की विनया खडपेकर यांचं ‘ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर’ घ्या. ते चरित्र आहे, पण हातातली पिंड आणि पांढरं पातळ यापलीकडची बाई त्यात दिसते.

शिकायला बाहेर पडलेली हवी? डॉ. आनंदीबाई जोशी. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ साली आली. नवख्या वाचकाच्या हाती मी आजही सगळ्यात आधी हीच देते, कारण तिची भाषा आपल्या जवळची आहे.

नवऱ्यावर जीव लावणारी हवी असेल तर रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’तली रमा, म्हणजे माधवराव पेशव्यांची बायको. १९६२ ची ही कादंबरी, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार हिला मिळाला. आणि जिच्या प्रेमाला कुणी जागाच देईना अशी हवी असेल तर ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’तली, बाजीराव पेशव्यांची मस्तानी.

दुकानात एकाच फळीवर ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ही असतील. त्या पौराणिक कादंबऱ्या. जरूर वाचा, पण त्यांत सन आणि सनावळ्या शोधू नका. मी शोधल्या होत्या.

२. लग्न शेवटच्या पानावर शोधू नका

इंग्रजी प्रेमकादंबऱ्या वाचून आलेल्यांची इथे हमखास गफलत होते. तिकडे दोघं भेटतात, भांडतात, गैरसमज होतात आणि शेवटी लग्न. आपल्याकडे लग्न पहिल्या-दुसऱ्या प्रकरणातच उरकलेलं असतं, कारण नवरी आठ-नऊ वर्षांची. कल्याणची यमुना नवव्या वर्षी आनंदी होऊन गोपाळराव जोश्यांच्या घरी आली. रमाबाई रानडे लग्नात अकरा वर्षांच्या होत्या आणि महादेव गोविंद एकतीस वर्षांचे.

त्यामुळे इथली प्रेमकथा लग्नानंतर सुरू होते, आणि ती ओळखायच्या खुणा निराळ्या असतात. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य आठशे पानांत एकदाही येणार नाही. नवरा रात्री पाटी पुढे ठेवतो, मोहिमेवरून आलेल्या खलित्यात शेवटी दोन ओळी खासगीतल्या असतात, चार लोकांसमोर कुणी कुणाकडे बघत नाही पण पानातला विडा नेमका आवडीचा असतो. इथे घाईने पानं उलटलीत तर सगळी कथाच निसटेल.

वयांचं अंतर खटकणार. खटकू द्या. मला ‘आनंदी गोपाळ’ वाचताना दोनदा पुस्तक मिटावं लागलं. गोपाळराव बायकोला शिकवायच्या हट्टाने तिला मारतात, आणि ही लेखकाची कल्पना नाही. अमेरिकेत गेल्यावर आनंदीबाईंनी स्वतः नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्या माराची आठवण काढली आहे. ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीसही पुरी झाली नसताना, पुण्यात वारली. गोपाळराव हा माणूस आवडावा की नावडावा याचा निकाल कादंबरी आपल्यासाठी लावून देत नाही. म्हणूनच ती चांगली आहे.

३. नावांचं पान तयार करा

आता त्या वहीच्या शेवटच्या पानाकडे येऊ. पेशवाईवरच्या कादंबरीत एकाच माणसाला चार नावं असतात आणि चार माणसांना एकच. रघुनाथराव म्हणजेच राघोबा, तेच दादा आणि तेच दादासाहेब. सदाशिवराव म्हणजे भाऊ. ‘श्रीमंत’ म्हणजे त्या घटकेला गादीवर जो असेल तो.

बायकांच्या बाबतीत गुंता जास्त, कारण लग्नात नाव बदलतं आणि लोकप्रिय नावं थोडीच. आनंदीबाई दोन: एक रघुनाथरावांच्या, दुसऱ्या डॉक्टर. मध्ये शंभर वर्षं. रमाबाई तर विचारूच नका. पेशव्यांच्या, रानड्यांच्या, शिवाय पंडिता रमाबाई. त्यातल्या पहिल्या दोघींचे नवरे माधवरावच, कारण महादेव गोविंद रानड्यांनाही माधवराव म्हणत. माझी फजिती तुम्ही वर वाचलीच.

पानावर तीन रकाने पुरतात: नाव, कुणाची कोण, आणि घरात काय म्हणतात. कादंबरीच्या सुरुवातीला वंशावळ छापलेली असेल तर तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. दर वेळी मागे जाण्याचा कंटाळा येतो आणि मग आपण अंदाजाने वाचू लागतो. अंदाजाने वाचलं की सासू आणि जाऊ यांची अदलाबदल ठरलेली.

४. पहिली पन्नास पानं सोसा

भाषा जड वाटते ती तिथपर्यंतच. नंतर कान बसतो. काही गोष्टी आधी ठाऊक असल्या की सोपं जातं.

वेळ: एक घटका म्हणजे २४ मिनिटं, एक प्रहर म्हणजे तीन तास. ‘दोन घटकांत येतो’ म्हणजे पाऊण तासाहून थोडं अधिक.

साल: शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. फक्त शक चैत्रात बदलतो, म्हणून जानेवारी ते मार्चच्या घटनांना ७९ मिळवा. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची. ७९ मिळवा, १७६१ आलं. तारीख १४ जानेवारी. ही बेरीज मला कुणी आधी सांगितली असती तर एक अख्खा रविवार वाचला असता.

आणि सगळ्यात गोड अडचण: बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. “इकडून जेवण झालं का?” असं वाक्य आलं तर ‘इकडून’ म्हणजे कुठलीही दिशा नाही, समोर बसलेला नवरा. ‘तिकडून’ म्हणजे तोच, पण समोर नसलेला. ‘स्वारी’ म्हणजेही तोच. “इकडची मर्जी” हे शब्द कुठली बाई लाजून म्हणते, कुठली रागाने म्हणते आणि कुठली टोमणा म्हणून, हे ओळखू यायला लागलं की समजा तुम्ही मुरलात.

५. तलवारीवर जाऊ नका

मलपृष्ठावर ‘रणरागिणी’, ‘मर्दानी’ असे शब्द दिसले की मी आता पुस्तक जरा सावधपणे उघडते. पुष्कळदा त्यात बाईला घोड्यावर बसवलेलं असतं आणि तिच्या मनात काय चाललंय ते घोड्याला माहीत. तिचं मोठं कौतुक काय, तर ती पुरुषासारखी आहे!

माझी मोजपट्टी वेगळी आहे. ती ‘नाही’ कुठे म्हणते ते बघायचं. त्या रंगीत चिठ्ठ्या त्यासाठीच. नायिकेने कुणाला नकार दिला, एखादी गोष्ट करायची टाळली, सांगितलेलं ऐकलं नाही, की त्या पानावर चिठ्ठी. पुस्तक संपल्यावर फक्त चिठ्ठ्यांची पानं पुन्हा वाचा. ‘स्वामी’ वाचताना माझ्या चिठ्ठ्या रमेपेक्षा सासूच्या, म्हणजे गोपिकाबाईंच्याच पानांवर जास्त पडल्या. मला ती बाई आवडत नाही, पण पानावर ती आली की मी ताठ बसते.

या मोजपट्टीने मला सापडलेली सगळ्यात मोठी नायिका म्हणजे पार्वतीबाई. सदाशिवरावभाऊंची बायको. पानिपतावर ती फौजेबरोबर होती आणि त्या कहरातून जिवंत परतली. भाऊ पडले असं सगळे म्हणत होते. तिने ते मानलं नाही. कुंकू पुसलं नाही, वैधव्याचा कुठलाही आचार पत्करला नाही. १७६१ पासून १७८३ मध्ये मरेपर्यंत ती पुण्यात सौभाग्यवती म्हणून राहिली. बावीस वर्षं! मधल्या काळात ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे लोक गेले, शेवटी १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं. तिचं कुंकू तसंच होतं.

याला वेड म्हणायचं, प्रेम म्हणायचं की हट्ट? तिच्या हाती तलवार नव्हती, फौज नव्हती, सही-शिक्का नव्हता. ना. सं. इनामदार यांची ‘शिकस्त’ तिच्याभोवती आहे. पहिलंच पुस्तक म्हणून घेऊ नका. पानिपतची गोष्ट थोडी तरी माहीत झाल्यावर घ्या, म्हणजे तिच्या घरातल्या शांततेचं वजन कळेल.

६. कादंबरी एका हातात, कागद दुसऱ्या हातात

कादंबरी वाचून इतिहास कळला असं समजणं हा सगळ्यात मोठा खड्डा. दुसरा खड्डा याच्या उलट, म्हणजे दर पानावर ‘हे खरं घडलं का?’ म्हणून फोन उघडणं. मी दोन्हीत पडले आहे. आता पुस्तक संपेपर्यंत काहीही तपासत नाही. शंका वहीत लिहिते आणि शेवटी एकदम बघते.

मस्तानीचंच घ्या. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. मस्तानीही त्याच वर्षी गेली. कशी गेली, याचा पक्का कागद नाही. शिरूर तालुक्यात पाबळला तिची कबर आहे. या दोन मृत्यूंच्या मधल्या दिवसांत तिने काय केलं असेल, तिथे कादंबरीकाराला बोलावंच लागतं. ते बोलणं त्याचं, मस्तानीचं नाही, एवढं आठवणीत ठेवून मग खुशाल रडा. आणि पडद्यावरची मस्तानी नाचते म्हणून पुस्तकात ते नाचाचं पान शोधत बसू नका.

रघुनाथरावांच्या आनंदीबाईंचं उलटं. ‘ध चा मा’ केला ही गोष्ट आपण शाळेत जाण्याआधीच ऐकलेली असते. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्याचा खून झाला हे खरं, पण त्यात तिचा हात किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. कादंबरीत ती कपटी म्हणूनच येते. अशा वेळी मी वहीत एक प्रश्न लिहून ठेवते: ही बाई शत्रूच्या तोंडून रंगवली गेली आहे का?

कादंबरीशेजारी ठेवायला एकच अस्सल पुस्तक सांगायचं तर विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडावं म्हणून उत्तरेला गेला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. त्याचं लिखाण १९०७ साली छापून आलं. त्यातली लक्ष्मीबाई व्यायाम करते, घोडे पारखते. पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ती झाशी पडल्यानंतरची, काल्पीच्या वाटेवरची. धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ. विहिरीवर गोडसेभट तिच्यासाठी पाणी काढायला पुढे होतात. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू, म्हणून ती दोर स्वतःच्या हातात घेते आणि ओंजळीने पाणी पिते. पुतळ्यातल्या राणीला तहान लागत नाही. हिला लागते.

असंच रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, १९१० चं. म्हणजे मला चुकून मिळालेलं तेच. दोन वर्षांनी मी ते मुद्दाम मागून आणलं.

७. सतीच्या पानाशी आलात की

हे आधीच सांगून ठेवते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘स्वामी’चा शेवट सगळ्यांना माहीत असतो. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव क्षयाने गेले, सत्ताविसाव्या वर्षी, आणि रमाबाई सती गेल्या. ही पानं इतकी सुरेख लिहिली आहेत की डोळे भरून येतात, आणि डोळे पुसल्यावर स्वतःचाच राग येतो. आपण कशासाठी रडलो? एका तरुण मुलीच्या जळण्यासाठी?

यावर माझ्याकडे तोडगा नाही, एक सवय आहे. ते पान संपलं की अहिल्याबाईंची कुंभेरीची हकिकत वाचते. तीही सती जायला निघाली होती, सासऱ्यांनी, म्हणजे मल्हाररावांनी तिला अडवलं असं सांगतात. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले तेव्हा जिजाबाईंना शिवरायांनी थांबवलं. ताराबाई १७०० मध्ये विधवा झाली आणि पुढची सात वर्षं औरंगजेबाला तिने दमवलं. एक पुस्तक मिटताना दुसरं उघडं असलं की पहिल्याची जादू राहते आणि भूल तेवढी उतरते.

थेऊरला गेलात तर चिंतामणीचं दर्शन झाल्यावर नदीकडे उतरा. तिथे रमाबाईंचं स्मारक आहे. बहुतेक भाविक तिकडे न वळताच गाडीत बसतात.

८. पुस्तकं मिळवायची कुठून

वाचनालय सगळ्यात बरं, कारण पुस्तक परत करायची तारीख असते आणि तारखेशिवाय आठशे पानं संपत नाहीत. गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय आधी बघा. मुंबई, ठाणे, पुण्यात तर शंभरी ओलांडलेली ग्रंथसंग्रहालयं आहेत. जुन्या प्रतींत मधली पानं गायब असतात, म्हणून घरी न्यायच्या आधी पृष्ठांक चाळून घ्या. माझ्या एका प्रतीत नेमकं रात्रीच्या भेटीचं प्रकरण नव्हतं. कुणीतरी आवडीने नेलं असणार.

लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की आपल्याकडे पुस्तक हक्कमुक्त होतं. त्यामुळे हरि नारायण आपटे, किंवा मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१), नेटवर फुकट वाचता येते. पण सुरुवात तिथून करू नका, दम लागेल.

परदेशात असाल किंवा देवनागरी भरभर वाचता येत नसेल तर ऐका. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं बरीच आहेत. नावांचं पान मात्र ऐकतानाही लागेलच, किंबहुना जास्तच, कारण ऐकताना मागे जाऊन नेमकं नाव शोधणं अवघड जातं.

माझा क्रम विचाराल तर: ‘आनंदी गोपाळ’, मग ‘स्वामी’, मग ‘माझा प्रवास’, मग ‘राऊ’, आणि सहा महिन्यांनी ‘शिकस्त’. काउंटरवर मागताना लेखकाचं नावही सांगा. नुसतं ‘रमाबाईंचं द्या’ म्हणू नका.